आयुष्य वाढवणारी पूड

ज्या उंदरांच्या खाद्यात ती पूड मिसळली होती, ते इतर उंदरांपेक्षा पाच महिने अधिक जगले.

पेशींचे वार्धक्य रोखणारे औषध सापडले, असे डॉ. मृदुला हर्डीकरांनी ठरवूनच टाकले. ऐंशी ओलांडलेल्या वडिलांच्या आमटीत त्या, त्यांना न सांगता, रोज चिमूटभर पूड कालवू लागल्या. नाना सडसडीत झाले, रक्तातली साखर उतरली. लेक मनोमन सुखावली.

"नाना, आजही आमटी टाकलीत?"

"बये, यापेक्षा काडेचिराईत बरं! तुझा हिरमोड नको म्हणून दोन घास गिळतो नि पाणी पिऊन निजतो."

"मग बोलला का नाहीत?"

"या वयात लेकीच्या हातच्या जेवणाला नावं ठेवू?"

मृदुलाबाईंनी बोट बुडवून आमटी चाखली. ती कडूजहर होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांचे उरलेले खाद्य प्रथमच तोलले. कमी खाणारे उंदीर अधिक जगतात, हे त्या स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवीत असत. पूड कडू होती, म्हणून उंदीर अर्धपोटी राहिले आणि त्यामुळेच जास्त जगले. औषधाने काहीच केले नव्हते. मृदुलाबाईंनी फक्त उंदरांना, आणि नानांना, उपाशी ठेवले होते.