बिनसाबणाचे थेंब

डोळ्यांची शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर भर बाजारात उभं करून हसा मला.

तर तेजस्विनी म्हणाली, "साबण नाय घालणार."

ती शिकते त्या नाशिकच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. टेबलावर बिस्किटाएवढी काचेची पट्टी. तिच्यात केसासारखी बारीक नळी. नळीतून पाणी चाललेलं, त्यात तेल सोडायचं, अन् खालून आवाजाच्या लाटा मारायच्या. आवाज कसला, तर कुत्र्यालाबी ऐकू येणार नाय असला. त्यानं तेलाचे बारीक बारीक थेंब तुटायचे. त्याचं होणार होतं डोळ्यात घालायचं औषध. तिच्या आईचे, सरुबाईचे डोळे पार कोरडे पडलेले. दुकानातलं कुठलंबी औषध घातलं की नुसती आग.

पण त्या दिवशी थेंबच पडेनात. तेल आपलं सापासारखं लांबच्या लांब चाललेलं. अन् तपासायला मुंबईचे पाहुणे जिन्यात आलेले. त्यांना पटलं तर काम पुढं चालणार, नायतर बंद.

तिला शिकवणाऱ्या किशोर सरांनी बाटली पुढं केली. "दोन थेंब साबण टाक. लगेच तुटेल तेल. कोण बघतंय?"

"ज्याच्या डोळ्यात जाईल तो बघेल, सर. साबणानं जिवंत पेशी मरतात."

तुटलेले थेंब परत चिकटू नयेत म्हणून साबणाऐवजी तिनं दुधातलं प्रथिन घातलेलं. सर त्याला रोज हसायचे. "दूधच घालायचं तर चहा कर ना! नापास होशील."

"होऊ द्या."

खाली मैदानात गणपतीच्या ढोलांची तालीम सुरू झाली. तावदानं थरथरली. "आधी ती खिडकी लाव!" सर ओरडले.

तेजस्विनी सूक्ष्मदर्शकावर वाकली. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकून बसलेला. लाटा तोच गिळत होता. अन् खाली ढोल वाजला की बुडबुडा हलत होता. लयच थोडा, पण हलत होता.

तिनं खिडकी सताड उघडली. पथकात तिची धाकटी बहीण होती.

"सुवर्णे! सगळ्यांना घेऊन भिंतीपाशी ये! अन् हाण!"

"किती जोरात?"

"सर ओरडतील तितकं!"

सुवर्णानं हाणला. मग सगळ्यांनीच हाणला. कपाटातल्या बाटल्या नाचल्या. छतावरची पाल खाली पडली. सरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. एक पाहुणा तर पायरीवरच बसला. अन् नळीतला बुडबुडा सुटला, घरंगळला, गेला.

तेल तुटायला लागलं. भिंगाखाली मोहरीसारखे दिसणारे थेंब, एकामागं एक, सगळे सारखे. पाहुण्यांनी आळीपाळीनं डोळा लावला. काचेच्या बशीत वाढवलेल्या जिवंत पेशींवर थेंब टाकून ठेवले, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पेशी मजेत. पाहुण्यांना पटलं.

सरांनी चष्मा काढला. सगळ्यांसमोर म्हणाले, "तेजस्विनी, मी चुकलो."

आता तुम्ही म्हणणार, या आजीनं ढोल घुसडला. नाय. ढोल खरा. पालबी खरी. सरांचं 'मी चुकलो' तेवढं माझ्या पदरचं.

ते अजून म्हणालेले नायत. म्हणून तर गावभर सांगत फिरते, त्यांच्या कानावर जाईस्तोवर.