जस्टिसचा बोर्ड

जयवंतने पेपर दत्तारामच्या रंगाच्या डब्यावरच आपटला. "बघा काका, काय छापून आलंय."

इंग्रजी पेपर. संयुक्त महाराष्ट्राच्या परवाच्या मोर्चाचा फोटो, मधोमध दत्तारामने रंगवलेला लालबागचा बोर्ड. 'जस्टिस'च्या शेवटी सी-ई हवं, तिथे नुसता एस. खाली टोमणा: यांना म्हणे मुंबई हवी, आधी स्पेलिंग शिका.

जयवंत म्हणाला, "गिरणीच्या गेटावर जुनी पाटी आहे ना, पास दाखवा म्हणून? तिच्यात 'शो'ला ओ नाही, ई आहे. तेव्हा साहेब तसंच लिहायचा. त्याचं ते जुनं वळण आणि आपलं ते अडाणीपण. म्हणून आपण चुकायचंच नाही."

दत्ताराम ब्रश पुसत राहिला. "मला कुठे इंग्रजी येतं रे? चिठ्ठीवर असेल तसं चितारतो. रांगोळी काढल्यासारखं."

"चिठ्ठी कोणी दिली?"

"आठवत नाही."

"परवाचं आठवत नाही?"

"बापसाला विचारून आलायस, माझ्याशी असं बोलायला?"

"बाबांना काय कळतंय त्यातलं? नाव सांगा, नाहीतर रविवारच्या मोर्चाचे चाळीस बोर्ड परळच्या पेंटरला देतो."

महिनाभर दत्तारामकडे दुसरं काम नव्हतं, अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "दे जा."

जयवंत फणफणत घरी आला. त्याचा बाप गुणाजी गिरणीतली पहिली पाळी करून चहा पीत बसला होता. जयवंतने त्याला सगळं वाचून दाखवलं, मराठीत समजावून सांगितलं.

"येत नाही तर लिहितात कशाला? सगळ्या गिरणगावाचं हसं केलं. कोण गाढव होता देव जाणे, काका नाव सांगत नाहीत. मी त्यांचं काम काढून घेतलं."

गुणाजीने कप खाली ठेवला. "काम काढलंस दत्तारामचं?"

"मग काय, ओवाळू?"

गुणाजीने पेपर ओढून फोटोतला बोर्ड पाहिला. मग म्हणाला, "बरोबर कसं लिहितात ते?"

"तुम्हाला कशाला हवंय आता या वयात?" जयवंत हसला. पण धाकटीची पाटी-पेन्सिल ओढून त्याने एकेक अक्षर मोठं मोठं काढलं. "हे असं. एवढं सोपं."

गुणाजीने पाटी मांडीवर घेतली. अक्षरांवरून बोट फिरवलं. दोनदा.

"आधी जा, दत्तारामला त्याचं काम परत देऊन ये," तो म्हणाला. "आणि पेन्सिल इकडे दे. या खेपेला चिठ्ठी नीट लिहून देतो त्याला."