घरात मतदार किती?

मतदार यादी तपासायला दारोदार फिरायचं काम या वेळी माझ्या गळ्यात पडलं. कोण घर सोडून गेलं, कोण नवीन राहायला आलं, विचारून विचारून घसा बसला, पण यादी चोख केली. मागच्या गल्लीतल्या सासरच्या घरी तर स्वतःच्याच नावापुढे 'आता इथे राहत नाही' असा शेरा मारून आले. सासूबाईंनी खाली हौसेने सही केली.

शेवटचं घर आईचं. शेजारच्या काकू दारातच गप्पा मारत उभ्या होत्या.

"घरात मतदार किती?" मी अगदी सरकारी आवाजात विचारलं.

"दोघंच. मी आणि तुझे बाबा."

"आणि मी गं?"

आई काकूंकडे बघून हसली. "ऐका हिचं! चार दिवस माहेरी आलेल्या लेकीचं नाव कुणी इथे घालतं का? यादी चौकात लागते, लोक काय म्हणतील?"

"हो ना," काकूंनीही मान डोलावली.

 

मी 'दोन' लिहिलं, चपला काढल्या आणि आत आले. गेली तीन वर्षं रोज संध्याकाळी कामावरून घरी येते तशी.