सैल दोरा

आज तिसऱ्यांदाही प्रयोग फसला तर शाळेत सरावाला पाठवायच्या यादीतून नाव जाईल, असं गिरधर सरांनी सुलभाताईंना सकाळीच सांगून टाकलं होतं.

बुऱ्हाणपूरच्या त्या अध्यापक महाविद्यालयात सराव-पाठाची रीत अशी, की एकीनं सहा मिनिटं शिक्षिका व्हायचं आणि बाकीच्यांनी सहावीच्या मुली. पाठ बिघडला तर पुन्हा घ्यायचा. सुलभाताईंचा पाठ ध्वनीचा. दोन रिकाम्या आगपेट्या, मधे दोरा. दोरा ताणला की एका पेटीत बोललेलं दुसरीत ऐकू येतं, सैल राहिला की नाही. गावात दहा वर्षं शिकवण्या घेतलेल्या बाईला एवढं जमू नये, याचं सरांना नवल वाटायचं.

न जमायला काय झालं! पण त्या सहा मिनिटांत पोरी हात वर करायच्या, 'मॅडम, मॅडम' करायच्या. एरवी त्या नुसत्या 'आंटी', तेही कुणाला बाकावर सरकायला सांगायचं असेल तेव्हा. शिकायला वय नसतं म्हणतात, पण डबा खायला असतं. मधल्या सुट्टीत एकविशीच्या पोरी गोल करून बसायच्या. अडतीस वर्षांच्या सुलभाताई खिडकीशी बसून गावाहून, तुकईथडहून, आणलेला डबा एकट्याच संपवायच्या. घरीही ताटाला दुसरं ताट नव्हतं. म्हणून दोनदा त्यांनी दोरा मुद्दाम सैल सोडला आणि दोनदा पाठ पुन्हा मिळवला.

आज मात्र त्यांनी तो चांगला ताणला. दुसऱ्या टोकाला निशा कानाला पेटी लावून उभी होती. पाठाच्या वहीत लिहिलं होतं, शिक्षिका 'हॅलो' म्हणेल. सुलभाताईंनी पेटी ओठांशी नेली आणि हॅलो राहूनच गेलं. मधल्या बाकांना कळू नये इतक्या हळू त्या म्हणाल्या, "निशा, आज भरीत आणलंय. सुट्टीत माझ्याजवळ बसशीन का?"

आवाज पोचला. निशानं चमकून वर पाहिलं. मग तिची नजर मैत्रिणींवरून फिरली आणि खाली गेली.

सर वहीत गुण लिहायला वाकले होते. काय ऐकू आलं ते वर्गाला सांग, असं ते मान वर न करता म्हणाले.

"कुछ नहीं, सर," निशा म्हणाली. "काहीच ऐकू नाही आलं."

दोरा अजून ताठ होता. सरांनी नुसतं वर पाहिलं असतं तरी पोरीचं खोटं उघडं पडलं असतं.

"शाबास," सुलभाताई म्हणाल्या. "बस खाली." आणि सरांनी मान वर करायच्या आत त्या एक पाऊल पुढे सरकल्या. दोरा सैल पडला.