दोन डोळ्यांमधलं अंतर

धाकट्या दिराने हौसेने सरड्याचं पिल्लू पाळलं आणि त्याला खाऊ घालायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. "तू किड्यांवरच एम.एस्सी. केलंयस ना, होऊ दे की त्याचा उपयोग," नवरा हसत म्हणाला.

दुकानदाराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ताई, पिल्लाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा देऊ नका. घशात अडकला की त्याला धड गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही."

तेव्हापासून रोज सकाळी ओट्याशी उभी राहून मी चिमट्याने जिवंत रातकिडे निवडते. बारके पिल्लाच्या पेटीत, मोठे परत डब्यात. डब्यात त्यांना वेळच्या वेळी गाजर मिळतं, झाकणाला हवेपुरती भोकंही आहेत.

आजही निवडत होते. बाहेरच्या खोलीत सासूबाई फोनवर दिरासाठी स्थळं सुचवणाऱ्या बाईंशी बोलत होत्या.


"शिकलेली चालेल हो, पण आमच्या मुलापेक्षा जरा कमीच बघा. थोरल्याच्या वेळी आमचा अंदाज चुकला."