पाच ते सात

"लाइन चोख आहे, काकू. तुमचा आवाज या राउटरमध्येच रांगेत अडकतोय." कंपनीच्या पासवर्डने सेटिंग उघडून इंटरनेटवाला म्हणाला, "तुमच्या लॅपटॉपचा वेग कोणीतरी मुद्दाम कमी करून ठेवलाय. रोज, फक्त संध्याकाळी पाच ते सात."

पाच ते सात सुहासिनीचा ऑनलाइन गाण्याचा क्लास असायचा. तिची तान मुलींपर्यंत पोहोचेतो ठेका पुढे निघून जायचा. कंटाळून अकरा जणी सोडून गेल्या, एकच उरली. कंपनीला शिव्या घालत सुहासिनी रडायची, तेव्हा नवराच पाठीवरून हात फिरवायचा. "जाऊ दे गं, बंद कर तो क्लास. काय कमी आहे आपल्याला?"

राउटरचा घरातला पासवर्ड एकट्या त्यालाच ठाऊक होता.

"काढून टाका ते," ती एवढंच म्हणाली.

पाचला ती उरलेली विद्यार्थिनी पडद्यावर आली. सुहासिनीने सा लावला आणि पोरगी ओरडलीच, "बाई, आज तुमचा आवाज लगेच येतोय!"

स्वयंपाकघरात तिच्यासाठी चहा गाळणारा नवऱ्याचा हात थबकला.

"पुन्हा सांग," सुहासिनी म्हणाली. "जरा मोठ्याने."