बाळाचे ठोके

परळच्या प्रसूतिगृहात तावडे सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली मुलगी कुठेही अडत नाही, असं सगळे म्हणत. सर्वांत जास्त सिस्टर स्वतः. त्या सकाळी शिकाऊ मनवाने लालबागच्या पहिलटकरणीच्या पोटावर नळी टेकवली, कान लावला न लावला आणि जाहीर केलं, “बाळाचे ठोके एकशे चाळीस.” सिस्टर कडाडल्या, “मोजलेस कधी गं? बाळाने फोन केला तुला?” मनवा गोंधळली. “सिस्टर, तुम्हीपण कान लावताच एकशे चाळीसच सांगता. मला वाटलं, हीच पद्धत असेल.” पहिलटकरीण घाबरून उठू लागली. “म्हणजे आजवर ठोके कुणी मोजलेच नाहीत?” सिस्टरांनी नळी घेतली, घड्याळ समोर धरलं आणि कित्येक वर्षांनी पूर्ण मिनिटभर मोजलं. ठोके उत्तम होते. तरीही त्या वाकलेल्याच राहिल्या. मान वर केली असती, तर दोघींच्या नजरेला नजर द्यावी लागली असती.